एका होडीतले दोन कॅमेरे

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास भाचीचा फोन आला. नोकरी लागून तिला आठ महिने झाले आहेत, स्वतःचे म्हणावेत असे थोडे पैसे पहिल्यांदाच हाताशी साठले आहेत आणि त्यांतून तिला कॅमेरा घ्यायचा आहे. दुकानात तिला दोन नावे सुचवली होती. योगायोग असा की, त्यांतला एक कॅमेरा गेली दोन वर्षे माझ्या खांद्यावर आहे आणि दुसरा माझ्या मैत्रिणीच्या गळ्यात. माझा कॅननचा ईओएस आर५०, तिचा फुजीफिल्मचा एक्स-टी३० टू. "मावशी, मला एवढंच सांग, कुठला घेऊ?" मी गॅसवर भाजी परतत होते. झारा न थांबवता मी उत्तर दिले, "पक्ष्यांचे फोटो काढणार असशील तर कॅनन, माणसांचे काढणार असशील तर फुजी." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. उत्तर नेटके होते, ऐकायला अनुभवाचे वाटावे असे होते. पण जेवण झाले, ओटा पुसून झाला, दिवे मालवले, तरी दातांच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेकडे जीभ जात राहावी तसे मन त्या वाक्याकडे जात राहिले. ते वाक्य मी त्या क्षणी विचार करून बोललेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका होडीत ते तयार झाले होते आणि तेव्हापासून मी ते तपासून न पाहता सांभाळून ठेवले होते.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. पुण्याहून पहाटे चारला निघून आम्ही दोघी भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर पोचलो तेव्हा उजाडायचे होते. उजनीच्या पाण्यावर धुके इतके दाट होते की, होडीचे टोक पाण्यावर आहे की हवेत, ते समजत नव्हते. ओल्या लाकडाचा, शेवाळाचा आणि कुठेतरी पेटलेल्या शेकोटीचा वास एकमेकांत मिसळला होता. नावाडी साठीच्या घरातले, कानाला मफलर गुंडाळलेले आणि बोलके होते. होडीच्या पुढच्या फळीवर मी बसले, मधल्या फळीवर मैत्रीण. माझ्या आर५०ला १००-४०० मिलिमीटरची आरएफ लेन्स लावलेली होती. या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा, लहान असल्यामुळे तिचे चारशे मिलिमीटर दृश्याच्या हिशेबाने सहाशे चाळीस होतात. मैत्रिणीकडे एकच लेन्स होती, पस्तीस मिलिमीटर एफ/२ (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). तिच्या सेन्सरच्या हिशेबाने ती बावन्न-त्रेपन्नच्या आसपास जाते, म्हणजे साधारण आपल्याला सहज जेवढे दिसते तेवढेच ती दाखवते. मुठीत मावणारी, जेमतेम एकशे सत्तर ग्रॅमची. "एवढ्याशा लेन्सवर तुला पक्षी कुठे दिसणार?" असे मी तिला गाडीत दोनदा म्हटले होते.

धुके विरले आणि नदी सुरय यायला लागले. पिवळी धमक चोच, डोक्यावर काळी टोपी, पाण्याला समांतर उडता उडता मध्येच खाली झेपावणे. ज्यांनी कधी उडत्या पक्ष्याचा फोटो काढण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना सांगायला नको की, यात सगळी झुंज फोकसशी असते. माझ्या आर५०ने ती झुंज जवळजवळ संपवली आहे. त्याच्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूचे दोन भाग असतात; डाव्या आणि उजव्या भागांवर पडणाऱ्या प्रतिमांमध्ये किती फरक आहे, यावरून लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची, हे त्याला क्षणात कळते. त्यातच त्याच्या यंत्रणेला असंख्य छायाचित्रे दाखवून माणूस कसा, प्राणी कसा, पक्षी कसा, वाहन कसे, हे शिकवून ठेवलेले आहे. त्यामुळे सुरय चौकटीत शिरला की, एक छोटासा चौकोन आपोआप त्याच्या डोक्यावर आणि जवळ आला की थेट डोळ्यावर जाऊन बसतो. काळ्या टोपीतला काळा डोळा माझ्या डोळ्यांना जिथे शोधावा लागतो, तिथे तो चौकोन आधीच पोचलेला असतो. मग बोट दाबून धरायचे; सेकंदाला बारा चित्रे. रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत, काढत असलात तर कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, म्हणजे बफर, फार लवकर भरतो, म्हणून लहान लहान फैरी झाडायच्या, हे मी सरावाने शिकले होते. त्या तीन तासांत मी सुखी होते, हे मला आजही मान्य करावेसे वाटते. पक्ष्याच्या डोळ्यात सूर्याचा ठिपका चमकतो आणि तो आपल्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो, तेव्हा छातीत जे हलते ते खोटे नसते.

घरी येऊन मोजले तर एक हजार आठशे त्रेचाळीस चित्रे होती. त्यांतली वीस-बावीस ठेवण्याजोगी निघाली आणि एक तर अशी की, सुरयाच्या चोचीत मासा आहे, माशाच्या शेपटीवरून सुटलेले तीन थेंब हवेत आहेत आणि तिन्ही थेंब गोल आहेत. संध्याकाळी मैत्रीण तिचे फोटो घेऊन आली. एकूण एकसष्ट. धुक्यातले होडीचे टोक, माझी पाठ, फळीवर ठेवलेला स्टीलचा चहाचा डबा, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडाची फांदी. त्यांतले नऊ फोटो नावाडीकाकांचे होते. एका फोटोत त्यांनी वल्हे मांडीवर आडवे ठेवले आहे, उजव्या हाताचे बोट होडीच्या कडेवरून खाली पाण्याकडे केले आहे आणि ते कॅमेऱ्याकडे नव्हे तर त्या बोटाच्या टोकाकडे पाहत आहेत. मी विचारले, "हे काय दाखवतायत?"

"तू होडीत नव्हतीस का?" ती म्हणाली.

मग तिने सांगितले. सुरय झेपावत होते त्याच वेळी काका म्हणाले होते, "ह्या हितं, खाली, आमचं रान हुतं." धरण पुरे झाले १९८० साली, तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे असतील. विहीर कुठे होती, बांधावरची बाभळ कुठे होती, आणि पाणी उतरते त्या उन्हाळ्यात पळसदेवाचे जुने देऊळ वर येते तेव्हा गावातली म्हातारी माणसे होडीने तिथे जाऊन कशी पाया पडतात, हे सगळे त्यांनी आमच्या दोघींना उद्देशून सांगितले होते. मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसले होते. माझ्या एक हजार आठशे त्रेचाळीस चित्रांत त्यांचा एकही फोटो नव्हता, आणि फोटोचे सोडा, ते शब्दसुद्धा माझ्या कानांपर्यंत पोचले नव्हते. त्यांच्या रानावरच्या पाण्यात मी मासा धरणारा पक्षी पाहत होते.

ही गोष्ट इथे थांबवली तर ती फार सोपी होईल आणि माझ्या मैत्रिणीवर अन्यायही होईल. कारण त्याच सकाळी, परतताना, एक ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी, आमच्या होडीपासून फार तर शंभर फुटांवर पाण्यात घुसला आणि हाताएवढा मासा पायांत धरून, पाण्याचे ओझे झटकत वर आला. तिच्याकडे त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात खूप आकाश आहे, खूप पाणी आहे आणि मध्ये तीळाएवढे काहीतरी आहे. पस्तीस मिलिमीटरमध्ये दुसरे काय येणार? लोक अशा वेळी म्हणतात की डोळ्यांनी पाहिले ते पुरे. तिला ते पुरे वाटले नाही. ती खरोखर हळहळली, माझ्याकडून माझा फोटो मागून घेतला आणि कित्येक महिने तो तिच्या मोबाईलच्या पडद्यावर होता. तिला नावाडीकाका मिळाले आणि मला ऑस्प्रे. दोघींनाही दुसरीचे हवे होते. पक्षी म्हणजे कॅनन आणि माणसे म्हणजे फुजी, हे वाक्य त्या संध्याकाळी माझ्या मनात पक्के बसले.

खरे तर हे दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर त्यांच्यात जितका फरक सांगितला जातो तितका दिसत नाही. बॅटरी आणि कार्ड धरून दोघांचेही वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. दोघांच्याही व्ह्यूफाइंडरमध्ये सारखेच, २३.६ लाख ठिपके. एकाचा सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा २६.१ चा, भिंतीवर लावायच्या मोठ्या छपाईतही हा फरक कोणी ओळखून दाखवावा. हात थरथरला तर सावरून घेणारी सोय दोघांच्याही बॉडीत नाही, ती लेन्समध्ये असली तर असते. पावसापासून बचाव दोघांनाही नाही. आत आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांच्या पहिल्या पायरीवर उभे असलेले हे दोघे भाऊच म्हणायचे. फरक कळतो तो डोळ्यांना नव्हे, बोटांना. फुजीच्या डोक्यावर शटरच्या वेगाची चकती आहे, तिच्यावर आकडे कोरलेले आहेत. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमी-जास्त करण्याची वेगळी चकती आहे. आणि या पस्तीसच्या लेन्सवर अॅपर्चरचे, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान-मोठे करण्याचे, कडे आहे, जे फिरवताना बोटाला टिक टिक जाणवते. कॅमेरा बंद असतानाही तो कसा लावून ठेवला आहे, हे वरून बघून सांगता येते. आर५०च्या डोक्यावर मोडची चकती आणि अंगठ्या-तर्जनीखाली एकच फिरते चाक. त्या चाकाने सगळे करायचे. बाकीचे पडद्यावर बोटाने. एकाला तुम्ही आधी सांगून ठेवता आणि मग उचलता. दुसऱ्याला तुम्ही उचलता आणि तो स्वतःच विचारतो, यातले काय हवे?

दोन्ही घराण्यांचा जन्मकाळही जवळपास एकच आहे. १९३४ साली जपानमध्ये फुजीची कंपनी फिल्म बनवण्यासाठी स्थापन झाली, आणि त्याच साली कॅननच्या पूर्वावतारात तयार झालेल्या नमुना-कॅमेऱ्याला 'क्वानॉन' असे नाव दिले गेले. क्वानॉन म्हणजे जपानी परंपरेतला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरून, पापण्या अर्ध्या मिटून खाली पाहत उभा असलेला पद्मपाणी तो हाच. हे मला समजले तेव्हा अवलोकन हा शब्द मी नव्याने उच्चारून पाहिला होता. फुजीने पुढे कित्येक दशके रोल विकले आणि त्या रोलांचे रंग आता कॅमेऱ्यातच भरून ठेवले आहेत. १९९० साली आलेल्या व्हेल्वियाचे गडद हिरवे-लाल, अॅक्रॉसचा कृष्णधवल, आणि क्लासिक नेग, ज्यात सावल्या किंचित हिरवट निळ्या होतात आणि माणसांची कातडी जुन्या लग्नाच्या अल्बमातल्यासारखी दिसते. भिगवणचे ते नावाडीकाका क्लासिक नेगमध्ये होते. आमच्या लहानपणी माझ्या काकांकडे छत्तीसचा रोल असायचा आणि "उगाच काढू नका, रोल संपेल" हे वाक्य प्रत्येक सहलीत दहादा ऐकू यायचे. मैत्रीण अजून त्याच हिशेबाने फोटो काढते. एकसष्ट म्हणजे तिच्या दृष्टीने दोन रोलसुद्धा नाहीत.

माझे ते पक्के वाक्य पहिल्यांदा हलले ते गेल्या जून महिन्यात. पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या आणि आम्ही एक दिवस कॅमेऱ्यांची अदलाबदल करायची असे ठरवले. कल्पना माझी होती. मला होडीची भरपाई करायची होती. भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळाच्या आसपास सकाळी सहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या घोंगड्यांचा, बुक्क्याचा, कांद्यापोह्यांच्या फोडणीचा वास. दुकानांच्या पायऱ्यांवर दाढ्या करून देणारे नाभिक, चपला शिवून देणारे चर्मकार, पाय चेपून देणारी कॉलेजची मुले. आणि सगळ्यावर झिमझिम पाऊस. दोन्ही कॅमेऱ्यांवर आम्ही दुधाच्या मोठ्या पिशव्या कापून बांधल्या होत्या. माझ्या हातात फुजी आणि पस्तीस मिलिमीटर, तिच्या हातात आर५० आणि त्याच्याबरोबर येणारी साधी १८-४५ मिलिमीटरची लेन्स.

पस्तीस मिलिमीटरची पहिली अट अशी की, चेहरा हवा असेल तर चार-पाच फुटांवर जावे लागते. तिथे लपता येत नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या, तुळशीवृंदावन शेजारी उतरवून ठेवलेले, एक हात त्याच्या कडेवर, टाचांच्या भेगांत रस्त्याची माती. मी दहा पावलांवर थांबले होते आणि माझा खांदा सवयीने लांब लेन्सचे वजन शोधत होता. मग पुढे गेले. "आजी, एक फोटो काढू?" त्यांनी वरपासून खालपर्यंत मला न्याहाळले. "काढ की बाई. पर आदी बस हितं." मी बसले. कुठली, घरी कोण, लेकरे किती, वारी केलीस का कधी, इतके सगळे झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता काढ." पाऊण तास नव्हे, फार तर दहा मिनिटे गेली असतील, पण सुरयामागे धावताना दहा मिनिटांत मी शे-दोनशे चित्रे काढली असती. एफ/२ला स्पष्ट दिसणारा भाग इतका अरुंद असतो की, त्यांचा डोळा साधला तर तुळस विरघळत होती आणि तुळस साधली तर चेहरा. कॅमेरा डोळा सुचवत होता. मी छोट्या दांडीने फोकसचा ठिपका खाली खाली आणत वृंदावनावर टेकलेल्या त्यांच्या बोटांवर ठेवला आणि तीन फोटो काढले. त्यांच्या नातवाचा नंबर घेऊन तिथेच पाठवले. "माज्या लेकीला दिसंल का?" असे त्यांनी दोनदा विचारले.

म्हणजे माणसांसाठी फुजी, हे सिद्धच झाले, असे मला दुपारपर्यंत वाटत होते. मग फुगडी सुरू झाली. बायका हातांत हात घालून भिंगरीसारख्या फिरत होत्या, पदर हवेत, तोंडे हसरी, आणि मी चकतीवर सकाळी लावलेला एकशे पंचविसांश सेकंद तसाच ठेवून फोटो काढत राहिले. चूक सर्वस्वी माझी होती, चकतीवर तो आकडा डोळ्यांसमोर कोरलेला होता. घरी आल्यावर दिसले की, माझ्याकडे फुगडीच्या नावाने केवळ रंगांचे फराटे आहेत. मैत्रिणीच्या फोटोंत मात्र एकेक चेहरा डोळ्यांसकट धारदार होता. तिने कॅमेरा ऑटोवर ठेवला होता, चौकोन ज्या चेहऱ्यावर गेला त्याच्यामागे ती गेली होती, आणि एका फोटोत साठीच्या पुढच्या एक बाई हवेत जवळजवळ तरंगत आहेत, कपाळावरचे कुंकू घामाने ओघळले आहे आणि त्यांच्या तोंडातला उरलेला एकुलता एक दात दिसेपर्यंत त्या हसत आहेत. माणसाचा याहून आनंदी फोटो मी पाहिलेला नाही. तो त्या कॅमेऱ्यातून निघाला, ज्याला मी पक्ष्यांचा म्हणत होते.

उरलेले अर्धे वाक्य मैत्रिणीच्या बाल्कनीत मोडले. पाखरांसाठी तिथे ती मातीचे पसरट भांडे भरून ठेवते. एका रविवारी तिने फुजी तिवईवर लावून भांड्यापासून दोन फुटांवर ठेवला, फोकस आणि एक्सपोजर पक्के करून टाकले आणि स्वतः मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दारामागे चहा पीत बसली. मोबाईलवर कॅमेऱ्याला दिसते ते दिसते आणि तिथूनच बटण दाबता येते. ही सोय माझ्याही कॅमेऱ्यात आहे, मला ती वापरायचे कधी सुचले नव्हते. पहिला तास कोणीही आले नाही. मग एक बुलबुल आला, मग चष्मेवाला पक्ष्यांची जोडी. त्या फोटोत भांड्याच्या कडेवर बुलबुल आहे, चोचीतून थेंब पडतो आहे, मागे कठड्यावर वाळत घातलेली पिवळी साडी आहे, समोरच्या इमारतीत कोणीतरी आजोबा खिडकीत वर्तमानपत्र वाचत आहेत आणि वर विजेच्या तारांचे जाळे आहे. माझ्या चारशे मिलिमीटरमधून मला बुलबुलाच्या गालावरचा प्रत्येक केस मिळाला असता, पण तो कोणत्या शहरात, कोणाच्या घरी पाणी पितो आहे, हे मिळाले नसते. लांब लेन्स पार्श्वभूमी पुसून टाकते. आम्ही पक्षी टिपणारे तर ती जितकी पुसली जाईल तितके खूश होतो.

तेव्हा पक्षी आणि माणसे हा भेद मुळात कॅमेऱ्यांमधला नव्हताच. एखाद्या गोष्टीपासून तुम्ही किती अंतरावर उभे राहता आणि किती वेळ, त्यावरून कुठला कॅमेरा तुम्हाला साथ देईल ते ठरते. जी गोष्ट तुमच्यासाठी थांबणार नाही, तिच्यामागे आर५० तुमच्याआधी पोचतो. जिथे तुम्हीच थांबणार आहात, तिथे फुजीच्या चकत्यांना अर्थ येतो.

हे मला झारा हातात असताना सुचायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन करून रविवारी जेवायला बोलावले आणि म्हटले, "कॅमेऱ्याचं नंतर बघू. गेल्या वर्षभरात तू मोबाईलवर काढलेले सगळे फोटो मला दाखव." मैत्रिणीकडून तिचा कॅमेरा मागून आणला होता. जेवणानंतर भाचीने मोबाईल माझ्या हातात दिला, जरा संकोचूनच. मधल्या वेळात मी तिला व्यवहाराच्या काही गोष्टी सांगितल्या, कारण त्याही खऱ्याच असतात. माझ्या कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-४५ ही लेन्स उन्हात छान आहे, पण ती टोकाला एफ/६.३ वर जाते आणि संध्याकाळी घरात ती गुदमरते. माझी १००-४०० तर टोकाला एफ/८ आहे. मैत्रिणीच्या एफ/२ मधून तिच्या सोळापट प्रकाश आत येतो. पहाटे मला संवेदनशीलता किती वाढवावी लागते आणि चित्रात रवाळपणा किती येतो, ते मी तिला मोठे करून दाखवले. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर मोहात पाडते, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे वेगाने हलणारे पंख त्यात वाकडे येऊ शकतात. फुजीची लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते ती बैठक २०१२ सालापासूनची आहे, त्यामुळे वापरलेल्या, परवडणाऱ्या लेन्स पुष्कळ मिळतात. कॅननच्या या लहान सेन्सरच्या मिररलेससाठी बाहेरच्या कंपन्यांच्या, आपोआप फोकस करणाऱ्या लेन्स यायला २०२४ उजाडले. पण लांब पल्ल्याची, हलकी आणि तुलनेने स्वस्त लेन्स हवी तर माझ्या या १००-४०० सारखी, साडेसहाशे ग्रॅमच्या आतली, सहज सापडत नाही. ती मान डोलावत होती. तिचे लक्ष मी मोबाईलवर काय पाहते आहे याकडे होते.

मला वाटले होते, मैत्रिणींचे फोटो असतील, कॅफेतल्या कपांचे, पावसाचे. ते होतेच. पण मध्ये मध्ये आभाळाचे फोटो येत होते. नुसते आभाळ, कधी निळे, कधी मळकट, आणि त्यात एक तपकिरी डाग. मोबाईलचा झूम पार ताणल्यामुळे त्या डागाचे चौकोनी तुकडे झाले होते. मी मोजायला लागले आणि सत्तरनंतर सोडून दिले.

"हे काय गं?"

"घार आहे. आमच्या बिल्डिंगच्या टाकीवर बसते. मला वाटतं एकच आहे, रोज तीच येते. पण फोटोत कळत नाही ना."

माझ्या भाचीला घारीत रस आहे, हे मला माहीत नव्हते. तिच्या आईला माहीत नव्हते. तिला स्वतःलाही तो रस आहे असे म्हणता आले नसते. ऑफिसातून आल्यावर ती गच्चीत जाते आणि घार आली असली तर फोटो काढते, एवढेच. मी काही बोलले नाही. फुजी कपाटात ठेवला, माझा कॅमेरा पिशवीत घेतला आणि तिच्याबरोबर तिच्या खोलीवर गेले. पाच मजले चढून गच्चीत पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागले होते. डिशच्या छत्र्या, मिरच्या वाळत घातलेले जुने बेडशीट, पाण्याच्या मोटारीची घरघर. टाकी रिकामी होती. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. मी तिला पट्टा मनगटाला कसा गुंडाळायचा ते दाखवले, लेन्स डाव्या तळव्यावर कशी तोलायची ते दाखवले आणि पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधून नजर न हलवता कॅमेरा मध्ये आणायचा, हे दोनदा करून घेतले.

वीस मिनिटांनी घार आली. टाकीवर उतरली नाही, गच्चीवर दोन गिरक्या घेऊन पश्चिमेकडे वळली आणि उन्हात तिचे पंख खालून विटकरी दिसायला लागले. भाचीने कॅमेरा डोळ्याला लावला होता. तिचा श्वास थांबलेला मला शेजारी उभे राहून कळत होता. तिने बटण दाबले नाही. मला वाटले, चौकोन सापडत नसेल, म्हणून मी सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात ती कॅमेरा न हलवता हळूच म्हणाली, "मावशी, हिच्या डाव्या पंखात एक पीस नाहीये. मधलं. फट दिसतेय."

मग तिने पाच-सहा फोटो काढले. घार लांब गेली, ठिपका झाली, गेली. भाचीने पडद्यावर फोटो मोठा केला, पंखातली ती फट पाहिली, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला.

"हा कॅमेरा उद्या संध्याकाळपर्यंत ठेवू का गं माझ्याकडे? उद्या तीच आली तर कळेल."